मुरमावरची जांभळी

[दृश्य : सोलापूर, मे महिन्यातली दुपार. मुरमाचा उतार आणि त्यावर पसरलेली जांभळी फुलं.]

सोलापुरात मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो. टँकर आला की आधी पिंपं भरायची, मग हंडे-कळशा. झाडांची पाळी शेवटी, आणि बऱ्याचदा तीही येत नाही.

हा माझ्या मावशीच्या घरामागचा उतार. वर घर, खाली ओढा, मध्ये नुसता मुरूम. इथे आधी लॉन लावलं होतं. दोन उन्हाळ्यांत ते करपून गेलं आणि पावसाळ्यात उघडी पडलेली माती ओढ्यात वाहून गेली. आज त्याच जागी गुडघ्याच्याही खाली राहणारं हे झुडूप दाट पसरलंय. गेल्या पंधरा दिवसांत त्याला पाण्याचा थेंब मिळालेला नाही, तरी फुललंय.

नर्सरीत याला जांभळी लँटाना म्हणतात. शास्त्रीय नाव लँटाना मोन्टेव्हिडेन्सिस. उरुग्वेची राजधानी मोन्टेव्हिडिओ, तिच्यावरून हे नाव पडलं. माहेर दक्षिण अमेरिकेतलं. आणि आपल्या माळावरच्या घाणेरीची ही चुलत बहीण. पान चुरगळून बघा, घाणेरीशी नातं वासावरूनच कळतं.

[दृश्य : फुलांचा एक झुबका, अगदी जवळून.]

जरा थांबून हा झुबका बघू. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. त्यात बारीक बारीक फुलं, प्रत्येकाची एक नळी आणि नळीच्या तोंडाशी पांढरट-पिवळा ठिपका. मध नळीच्या तळाशी. म्हणून इथे लांब सोंडेवाल्यांची गर्दी. हे आलं लिंबाळी फुलपाखरू. बसल्यावरही पंख थरथरताहेत, आणि सोंड एका नळीतून काढून शेजारच्या नळीत घालतंय. सगळा झुबका पालथा घातल्याशिवाय ते उठणार नाही.

[दृश्य : मावशी रोपाच्या बुडाशी बसून माती उकरून दाखवते.]

'कमी पाण्याचं झाड' म्हणून लोक रोप घेऊन जातात, लावतात आणि विसरतात. महिन्याभरात ते वाळतं. मग नर्सरीवाल्याला दोष. अहो, पिशवीतल्या रोपाची मुळं वीतभर खोल असतात. त्याला मुरमातली ओल कशी सापडणार? तहान सोसायची ताकद रोपाला पहिल्या वर्षात कमवावी लागते आणि ती आपण कमवून द्यायची असते.

मावशीने रोपं लावली मृगाचा पाऊस झाल्यावर. दोन रोपांत दोन-अडीच फूट अंतर. मुरूम कुदळीने खणून सैल केला, खड्ड्यात घमेलंभर शेणखत मिसळलं. उतारावर पाणी घसरून जातं, म्हणून प्रत्येक रोपाला खालच्या अंगाने मातीचा छोटा बांध घातला, अर्धचंद्रासारखा. पाऊस संपल्यावर रोज झारीभर शिंपडायचं तिने टाळलं. आठवड्यातून एकदाच, पण आळं भरून, पाणी खोल मुरेपर्यंत. वरवर शिंपडलं की मुळं वरच घुटमळतात. खोल पाणी दिलं की ती ओलीच्या मागे खाली जातात. पहिल्या उन्हाळ्यात बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी पंधरा-वीस दिवसांवर गेलं.

"जास्त लाड केलेस तर ही नुसती पानांनी माजते बघ," मावशी म्हणते. खरंच आहे. सावलीत, भरपूर खत-पाण्यात फांद्या लांबतात आणि फुलं रुसतात. पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत तर मुळं कुजतात. हिला ऊन हवं, निदान सहा तास, आणि निचरा हवा.

छाटणी होळीच्या आधी. जुनी लाकडं झालेल्या फांद्या अर्ध्यावर कापायच्या. फूल नव्या फुटीवर येतं, त्यामुळे हात आखडता घेऊ नये. पिठ्या ढेकूण दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, फार झाला तर निंबोळी अर्क.

[दृश्य : डोंगरउतारावर माजलेलं घाणेरीचं रान.]

आता हेही बघायला हवं. ही घाणेरी. तीही बागेची शोभा म्हणूनच या देशात आली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात. तिथून कुंपणांवर आणि मग रानात. पाखरांनी फळं खाल्ली, बी लांबवर नेलं. आज सह्याद्रीच्या कितीतरी उतारांवर तिच्याखाली गवत उगवत नाही, आणि गुरांनी तिची पानं खाल्ली तर यकृतावर परिणाम होतो. जांभळीनेही ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या कुरणांत उच्छाद मांडलाय. बागेतली बरीच रोपं फळ धरत नाहीत, पण फळ न धरताही ती पसरते. फांदी जमिनीला टेकली की पेरापेरातून मुळं फुटतात. उताराची माती ती धरून ठेवते ती याच गुणामुळे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे : रानाच्या, गायरानाच्या कडेला ही लावू नका. तिथे आपली कोरांटी लावा, तीही पाण्यावाचून तग धरते. जांभळी चार भिंतींच्या आत, डोळ्यांसमोर ठेवा.

[दृश्य : श्रावणातली सकाळ. उताराची खालची कड, पलीकडे ओढ्याचं पाणी.]

मावशी दर पावसाळ्यात ओढ्याकडची कड चालून जाते. दगडांच्या ओळीपलीकडे गेलेली फांदी अलगद उचलते. पेराला पांढऱ्या दोऱ्यांसारखी मुळं लोंबत असतात, नुकती मातीत शिरलेली. कात्रीने तेवढी फांदी कापते. ती ओल्या जमिनीवर टाकत नाही, तिथे ती पुन्हा धरेल. वर घेऊन येते आणि ओट्यावरच्या फरशीवर पसरते, मुळं उन्हाकडे करून.