तीन दरबार, तीन गेज आणि आपले नर्ड

(बडोद्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘भारतातली नर्ड संस्कृती : एक प्रवासपट’. ‘प्रवासपट’ हा शब्द संयोजकांचा. प्रत्यक्षात मी आणि माझा भाचा गाडी काढून बडोद्याहून इंदूरमार्गे ग्वाल्हेरला गेलो, वाटेत भेटतील त्या रेल्वेवेड्यांना कॅमेऱ्यापुढे बसवलं, आणि जे हाती लागलं त्याला आता डॉक्युमेंटरी म्हणायचं. ती आज दाखवता येणार नाही. प्रोजेक्टर आहे, पण त्याची वायर ज्या कपाटात आहे त्याची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते पुण्याला गेलेत. (हशा) तेव्हा बोलणं भाग आहे.

नर्ड म्हणजे एखाद्या विषयानं झपाटलेला माणूस, तो कोण हे तुम्हाला सांगायला नको, घरटी एक असतोच. माझं म्हणणं एवढंच, की त्याला माहिती किती आहे यावरून तो ओळखू नका. त्याची चूक काढा आणि चेहरा बघा. तुमचीआमची चूक कोणी काढली तर आपण आठ दिवस त्याच्याशी बोलत नाही. हा मनुष्य खुर्ची ओढून जवळ येतो. चुका काढणं मराठी माणसाला शिकवावं लागत नाही, तेव्हा कच्चा माल आपल्याकडे भरपूर आहे. पुढचं खुर्ची ओढणं तेवढं जमत नाही.

आता रेल्वेच का, आणि हीच तीन शहरं का? गायकवाड, होळकर, शिंदे. तिन्ही दरबार मराठी. गायकवाडांची गाडी अडीच फुटी रुळांवर, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, ज्याला गेज म्हणतात, ते ७६२ मिलिमीटर. होळकरांकडची मीटरगेज, १००० मिलिमीटर. शिंद्यांची दोन फुटी, ६१०. एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चढणार नाही! पानिपतानंतरची आपली सगळी एकी यात आली. (हशा) हो, हो, मागे हात वर झालेला दिसतोय. होळकरांनी गेज निवडलं नव्हतं, ते सरकारचं धोरण. तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये या लाइनसाठी सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ देऊ केले, तेही १०१ वर्षांच्या मुदतीनं. बरोबर आहे तुमचं. बघा, सभागृहात एक तरी सापडला.

पहिला मुक्काम डभोई. तिथे एक निवृत्त काका भेटले. कापडी पिशवीत जुनी टाइमटेबलं, प्रत्येकाला वर्तमानपत्राचं कव्हर. त्यांनी कॅमेऱ्यात बघून ठणकावून सांगितलं, की हिंदुस्थानातली पहिली नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, आमची, १८६२ साल, डभोई ते मियागाम, वीसेक मैल, खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत. तुम्हाला हे पाठ आहे. मुलाखत संपली, आम्ही सामान आवरतोय, तर काका पिशवी घेऊन मागच्या सीटवर बसलेले. म्हणाले, “मीपण येतो. घरी सांगितलंय.”

गोध्रा सोडल्यावर इंदूरच्या एका रेल्वेवेड्याचा रस्ता सांगायला फोन आला. तरुण पोरगा, बँकेत आहे. फोन स्पीकरवर. काकांनी ओळख करून देताना १८६२ चा उल्लेख केला, आणि पलीकडून आवाज आला, “काका, ते तर बैल ओढत होते ना? इंजिनं रेग्युलर चालू झाली १८७३ ला. मग रेल्वे १८७३ चीच धरायची.”

गाडीत शांतता. भाच्यानं आरशातून मागे बघितलं.

काका म्हणाले, “रूळ आहेत? आहेत. डबे आहेत? आहेत. मग पुढे कोण ओढतंय हा रेल्वेचा घरगुती प्रश्न आहे.”

“म्हणजे बैलगाडीखाली रूळ टाकले की झाली रेल्वे?”

“१८७४ ला मुंबईत ट्राम आली ती घोडे ओढायचे. तिला काय टांगा म्हणत होते?”

हे दाहोदपर्यंत चाललं. मध्ये घाटात रेंज गेली तर दोघांनीही परत फोन लावायचा प्रयत्न केला, त्यामुळे दोघांनाही एंगेज. दाहोदला रेल्वेचा मोठा कारखाना आहे, तिथे थांबायचं माझ्या वहीत लिहिलेलं होतं. काकांनी हातानंच ‘चला पुढे’ केलं. शेवटी त्या पोरानं विचारलं, “काका, इंदूरला किती वाजेपर्यंत पोचताय? जेवायला घरीच या.” माझी अख्खी फिल्म या फोनमध्ये आहे, आणि हे चित्रित झालेलं नाही. कॅमेरा डिकीत होता.

पुढे पातालपाणी, आता इंदूरचा तो पोरगाही बरोबर. महूहून खाली उतरणारा तो घाट, चाळीसास एक असा उतार. २०१८ पासून पातालपाणी ते कालाकुंड वारसागाडी धावते, मीटरगेजवर. कालाकुंडला पानात बांधलेला कलाकंद मिळतो, तो काकांनी चौघांचा मिळून एकट्यानं खाल्ला. पातालपाणीला टंट्या मामांचं, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लढलेल्या तंट्या भिल्लाचं, देऊळ आहे. गाडी तिथे सलामी देऊन पुढे जाते असं सगळे सांगतात. इंदूरचा पोरगा लगेच म्हणाला, की घाट उतरण्याआधी ब्रेक तपासायला थांबावंच लागतं, रेल्वेचा नियम आहे. देवळापाशी बसलेल्या एका बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तो मामा के पास खड़े होकर ही जाँचते हैं ना?” यावर दोन्ही तज्ज्ञ गप्प.

(संयोजकांकडून चिठ्ठी) दहा मिनिटं? मी तर अजून एबी रोडलाच, म्हणजे ग्वाल्हेरकडे जाणाऱ्या आग्रा-मुंबई रस्त्याला, लागलो नाही.

ग्वाल्हेरबद्दल मात्र बोलणारच, कारण ती माझी दुखरी नस आहे. ग्वाल्हेर ते श्योपूर, दोन फुटी रुळांवर सुमारे २०० किलोमीटर, टपावर माणसं बसलेली गाडी. २०२० मध्ये बंद झाली, आता तिथे ब्रॉडगेज होतंय. व्हायलाच हवं, दिवसभर त्या डब्यात बसून जाणाऱ्याला विचारा. पण एका छोट्या स्थानकावर आम्ही ओसाड फलाटाचं चित्रीकरण करायला गेलो. एका साहेबांनी हटकलं. परवानगी? कुणाची? अमुक ऑफिसची. ऑफिसात गेलो तर, ही लाइन आमच्याकडे राहिली नाही, बांधकामवाल्यांकडे जा. बांधकामवाल्यांनी चहा पाजला आणि विचारलं, “पटरी ही नहीं है, तो फिल्म काहे की?” मी म्हटलं, पटरी नाही याचीच. ते म्हणाले, मग रेल्वेची परवानगी कशाला मागता? तो कागद घेऊन परत पहिल्या साहेबांकडे, तर ते जेवायला गेलेले. शेवटी कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरून, गाडीच्या टपावर ट्रायपॉड ठेवून शूट केलं. मागून म्हशी येत होत्या. लोक विचारतात, रेल्वेची फिल्म आणि रोडट्रिप कशी? अशी!

जयविलास राजवाड्यातली जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी तुम्ही पाहिली असेल. मद्याची सुरई उचलली की थांबते. तिच्यासमोर गर्दी असते. खऱ्या गाडीचा हॉर्न, फाटकाची घंटा, रुळांच्या सांध्यांवरची खडखड हे सगळं मात्र आम्हाला सापडलं ते सीए करणाऱ्या एका मुलीच्या हार्डडिस्कवर. प्रत्येक फाइलीला स्थानक, तारीख, इंजिनाचा नंबर. काकांनी डोळे मिटून एक हॉर्न ऐकला, नंबर सांगितला. ती म्हणाली, “आजोबा, हॉर्न त्याचाच, पण तेव्हा दुसऱ्या इंजिनाला बसवला होता.” काकांनी वहीत लिहून घेतलं, आणि तिच्याकडून खाली सही घेतली.

पाच मिनिटं. बरं, जो विषय छापलाय तो आता उरकतो. हे लोक याच पट्ट्यात एवढे का? माझं उत्तर असं : जिथे गेज बदलतं तिथे गाडी बदलावी लागते. मियागाम, खंडवा, ग्वाल्हेर. माल एका वाघिणीतून दुसरीत हलवायचा, माणसांनी फलाटावर बसून राहायचं. पोरं करणार काय? इंजिनं बघणार, नंबर लिहिणार. रिकाम्या वेळाशिवाय नर्ड तयार होत नाही. दुसरं, रेल्वे कॉलन्या. आपल्या प्रतापनगरचीच घ्या, बापाच्या तोंडी शेड, लिंक, शंटिंग असलं की पोराला वेगळी शिकवणी नको. तिसरं, १९९२ ला सुरू झालेलं प्रोजेक्ट युनिगेज. सगळीकडे १६७६ मिलिमीटर, म्हणजे ब्रॉडगेज, करायचं ठरलं आणि पुढे हातात डिजिटल कॅमेरे आले. जाणारी वस्तू आणि टिपायचं साधन यांची गाठ पडली, म्हणून आठवणींच्या नोंदी झाल्या. या नोंदी कुठल्याही कचेरीत नाहीत, आणि एकमेकांनी तपासलेल्या असल्यामुळे कचेरीपेक्षा विश्वासाच्या आहेत. यावर वाद घालायचा असेल तर खाली चहाला भेटा. चौथा मुद्दा मुलींचा होता, तो राहिला, आणि तो राहायला नको होता.

एक विनंती. दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर, जिथे कुठे माळ्यावर डभोई लाइनची टाइमटेबलं, पास, फलाटावरचे घरगुती फोटो पडले असतील ते दाराशी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या काकांकडे द्या. स्कॅन करून परत मिळतील. मागे तारीख लिहिलेली असली तर उत्तम. चुकीची असली तर आणखी उत्तम, काकांचा पावसाळा निघेल.