नांदेडला आलात, तर नदीपर्यंत या

[दृश्य : नांदेड रेल्वे स्टेशन, फलाटावरची गर्दी]

अमृतसरहून निघालेली सचखंड एक्स्प्रेस नांदेडला लागते आणि फलाट पगड्यांनी, बोचक्यांनी, 'वाहेगुरू'च्या गजरानं भरून जातो. बाहेर रिक्षावाला मराठीत भाडं सांगतो, पाहुणा पंजाबीत घासाघीस करतो आणि सौदा हिंदीत पटतो. बहुतेकांचा मुक्काम थोडक्यात आटोपतो. तख्त सचखंड श्री हुजूर साहिब या शिखांच्या धर्मपीठाचं दर्शन, लंगर, बसमधून आसपासचे गुरुद्वारे आणि मग परतीची गाडी. या धावपळीत गोदावरी राहून जाते. नांदेडात नदी राहिली, तर पाहिलेले गुरुद्वारेही अर्धेच कळतात, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून दर्शन झालं की दक्षिणेकडे वळा. नदी पायी जाण्याइतकी जवळ आहे.

[दृश्य : नगिना घाट, सकाळ]

हा नगिना घाट. सकाळी सकाळी इथं गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, आलेल्या बाया पायरीवर ओलं पातळ पिळत असतात. शेजारीच शीख यात्रेकरूंचा एखादा जथ्था पाण्यात उतरून अरदास, म्हणजे प्रार्थना, करत असतो. कुणी कुणाला अडवत नाही, कुणी सरकून जागा करून देतं.

त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली ही नदी पैठण, गंगाखेड मागे टाकून, पूर्णेला पोटात घेऊन इथवर येते. नांदेडचं जुनं शहर तिच्या उत्तर काठावर वसलं. 1708 साली मोगल बादशाह बहादूरशाह आपल्या भावावर, कामबक्षावर, चालून दक्षिणेत उतरला, तेव्हा गुरू गोविंदसिंगजी त्याच्या लवाजम्यासोबत या काठावर पोहोचले. बादशाह पुढे गेला, गुरुजी मात्र इथेच राहिले.

घाटांची नावं त्याच दिवसांची गोष्ट सांगतात. श्रद्धाळू सांगतात की एका शिखानं गुरुजींना मोलाचा नगिना भेट दिला आणि त्यांनी तो सरळ नदीत टाकला. देणारा हिरमुसला. गुरुजी म्हणाले, जा, तुझा तू शोधून आण. तो पाण्यात उतरला, तर तळाशी तसले नगिने पसरलेले! शहराबाहेरच्या हिरा घाटाची कथाही याच जातीची, तिथे हिरा देणारा खुद्द बहादूरशाह. अशा कथांना पुरावा मागू नये. पायरीवर बसून त्या ऐकाव्यात.

[दृश्य : बंदाघाट]

बंदाघाटाची गोष्ट मात्र इतिहासातली आहे आणि ती आम्हाला सर्वांत मोठी वाटते. इथे माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. मूळचा जम्मूकडच्या राजौरीचा, जन्मनाव लछमन देव. गुरुजींची भेट झाली आणि बैरागी 'बंदा', म्हणजे गुरूचा सेवक, झाला. ऑक्टोबर 1708 मध्ये, पठाण हल्लेखोरानं केलेल्या जखमांनंतर, गुरुजींनी नांदेडातच देह ठेवला. त्याआधी त्यांनी गुरुपद ग्रंथसाहिबांना दिलं. इकडे बंदासिंग बहादूर पंजाबात पोहोचला आणि 1710 मध्ये त्यानं सरहिंद जिंकलं. मोगलांना हादरवणारा तो उठाव मराठवाड्यातल्या या काठावरून निघाला, हे आपल्याकडच्या किती पोरांना शाळेत सांगितलं जातं?

ज्या जागी गुरुजींवर अंत्यसंस्कार झाले, तिथेच आजचं तख्त उभं आहे. महाराजा रणजितसिंग यांनी 1832 ते 1837 या काळात ही वास्तू बांधवून घेतली. पण त्या वास्तूचं नदीशी नातं रोजचं आहे. पहाटेच्या अंधारात गागरिया सिंघ गोदावरीचं पाणी गागरीत भरून नेतात आणि त्या पाण्यानं तख्ताची सेवा होते. उन्हाळा असो, पाऊस असो, हा नेम चालूच.

[दृश्य : पायऱ्यांवरची गाळाची रेघ]

जरा खाली बघा. पायरीच्या कडेनं वाळलेल्या गाळाची रेघ दिसते. वर बाभळीच्या फांदीत काड्या, चिंध्या आणि प्लॅस्टिकची एक पिशवी अडकली आहे, माणसाच्या डोक्याहून उंच. पाणी तिथवर आलं होतं. पावसाळ्यात शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या विष्णुपुरीचे दरवाजे उघडले, की हे घाट बघता बघता पाण्याखाली जातात. धरणाला 18 दरवाजे आहेत आणि 'किती उघडले' हा त्या दिवसांत नांदेडच्या प्रत्येक चहाच्या टपरीवरचा प्रश्न असतो. तेव्हा जुलै ते सप्टेंबर येणार असाल, तर पायऱ्यांवर उतरण्याआधी तिथल्या माणसांना विचारा. ते नाही म्हणाले, तर ऐका.

2008 साली गुरु-ता-गद्दीचा, म्हणजे ग्रंथसाहिबांना गुरुपद दिल्याचा, त्रिशताब्दी सोहळा झाला. त्या निमित्तानं घाट नव्यानं बांधले गेले, रस्ते रुंदावले, शहराचा तोंडवळाच बदलला. काम चांगलं झालं. पण घाटावरून जरा पुढे चालत गेलं, की नाला नदीत उतरताना दिसतो. काळं पाणी, फेस आणि उन्हाळ्यात पसरणारी जलपर्णी. ज्या पाण्यानं तख्ताची सेवा होते, ज्यात आपल्या आया-बहिणी अधिक महिन्यात डुबकी मारतात, त्याच पाण्यात शहराचं सांडपाणी सोडलं जातं. हे आम्ही कॅमेऱ्याबाहेर ठेवणार नाही. ते बघून पोट तुटतं.

[दृश्य : नंदगिरी किल्ला, मग काळेश्वर मंदिर]

वेळ असेल तर नदीकाठचा नंदगिरी किल्ला बघा. संध्याकाळ मात्र विष्णुपुरीच्या काळेश्वरासाठी ठेवा. जुनं शिवमंदिर, समोर जलाशयाचं अथांग पाणी, आणि शहरापेक्षा तिथला वारा थंड.

आणि जमलंच, तर दिवाळीत या. तख्त स्नानाला शेकडो लोक गोदावरीवरून गागरी भरून नेतात, सगळं तख्त धुऊन निघतं, गुरुजींची शस्त्रं बाहेर काढून स्वच्छ होतात. याच दिवसांत बंदाघाटावर दिवाळी पहाटची मैफल रंगते आणि सगळं नांदेड पायऱ्यांवर बसून गाणं ऐकतं. त्या दिवसांत यात्री निवासातल्या खोल्या लवकर भरतात. तेव्हा यायचं ठरलं, की आधी खोलीचं बघा, मग तिकिटाचं.