झाडे थांबतात तिथून पुढचा हिमालय

नमस्कार. आज मी पुण्याच्या वेताळ टेकडीवर उभा राहून आपल्याशी बोलतो आहे, पण विषय गढवाल हिमालयातला आहे. दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यातून कितीतरी मंडळी पाठीवर सॅक टाकून उत्तराखंडात ट्रेकला जातात, आणि परत आल्यावर ती जी छायाचित्रे दाखवतात त्यांत बर्फाच्या शिखरांखाली पसरलेले एक हिरवेगार कुरण हमखास असते. तिकडे त्याला बुग्याल म्हणतात. दयारा, बेदिनी, आली, औली ही त्यांपैकी आपल्या कानावर असलेली नावे. छायाचित्र पाहताना नजर शिखराकडे जाते आणि कुरण दुर्लक्षित राहते; मला मात्र आज त्या कुरणाबद्दलच सांगायचे आहे, कारण तिथली जनावरे, तिथले मेंढपाळ आणि तिथली देवी या सगळ्यांची वाट त्याच्यावरूनच जाते.

पहिला प्रश्न असा की तिथे झाडे का नाहीत? आपल्याला कासचे पठार माहीत आहे. तिथेही झाडे जवळजवळ नाहीत, पण त्याचे कारण जमिनीत आहे: जांभ्या दगडाच्या सड्यावर माती इतकी थोडी असते की मोठ्या झाडाला मूळ धरता येत नाही. बुग्यालात कारण थंडीचे आहे. दर हजार मीटर चढल्यावर हवा साधारण सहा अंशांनी गार होत जाते. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. गढवालात त्याच्या दुप्पट उंचीवरसुद्धा खर्सू ओक, भोजपत्र आणि बुरांशच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या, जातीची झुडपे तग धरून असतात. पुढे साधारण ३,३०० ते ३,६०० मीटरच्या पट्ट्यात ती खुजी होत जातात, बर्फाच्या भाराने त्यांची खोडे उताराच्या दिशेला वाकतात आणि मग ती संपतातच. उंच झाडाचा शेंडा वाहत्या गार हवेत उघडा असतो, त्यामुळे नवी पेशी, नवे लाकूड तयार करण्याइतकी ऊब त्याला मिळत नाही. जमिनीलगतच्या गवताचे तसे नसते. उन्हाने तापलेली माती आणि वाऱ्यापासून मिळालेला आडोसा यांमुळे चार बोटे उंचीच्या रोपाभोवतालची हवा, आपल्या डोक्याच्या उंचीवरल्या हवेपेक्षा दुपारी बरीच उबदार असू शकते. बुटके असणे हीच तिथे जगण्याची युक्ती आहे.

हे मला दयाराला नीट कळले. उत्तरकाशी जिल्ह्यातल्या रैथल गावातून आम्ही वर चढलो होतो. पावसाच्या पाण्याने एका ठिकाणी कुरणाचा काठ कापून काढला होता, आणि मी तिथे गुडघे टेकून पाहिले. वर बोटभर गवत. त्याखाली काळी, स्पंजासारखी, मुळांनी घट्ट विणलेली माती जेमतेम वीतभर. हात लावला तर घोंगडीची कड हाती आल्यासारखी वाटावी अशी. आणि तिच्याखाली नुसती सुटी खडी, जी बोट लावताच घरंगळत होती. मैलोन्‌मैल पसरलेले ते हिरवे जग एवढ्याशा थरावर उभे आहे. थंडीमुळे पाने कुजायला फार वेळ लागतो, वर्षातले पाच-सहा महिने बर्फाखाली जातात, त्यामुळे ही माती अतिशय सावकाश तयार होते. फाटायला मात्र तिला एक पावसाळा पुरतो.

अशा ठिकाणी ब्रह्मकमळ फुलते, आणि इथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. पुण्यात पावसाळ्याच्या दिवसांत ज्याच्या फुलण्याची वाट पाहत आपण रात्री बाराला गच्चीवर जमतो आणि शेजाऱ्यांनाही हाक मारतो, ते पांढरे सुगंधी फूल मुळात मेक्सिकोकडचे, निवडुंगाच्या कुळातले आहे. त्याच्यावरचे आपले प्रेम खरेच आहे, पण हिमालयातले ब्रह्मकमळ, म्हणजे उत्तराखंडाचे राज्यपुष्प, हे सूर्यफुलाच्या कुळातले आहे. त्याची खरी फुले जांभळट आणि लहान असतात, आणि त्यांच्याभोवती फिकट पिवळसर, कागदासारख्या पातळ पानांचा द्रोण मिटलेला असतो. त्या द्रोणातून उजेड आत जातो, वारा जात नाही, त्यामुळे आत ऊब साठते.

प्राण्यांमध्ये भरलाचा उल्लेख प्रथम केला पाहिजे. मेंढी आणि बकरी या दोघींच्या मधला म्हणावा असा हा राखाडी-निळसर प्राणी कुरणावर चरतो आणि धोका दिसताच कड्यावर चढतो, म्हणून त्याला कुरण आणि कडा दोन्ही जवळजवळ लागतात. हिमबिबट्या त्याच्यावर जगतो. २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेनुसार भारतात हिमबिबट्यांची संख्या ७१८ आहे, आणि त्यांपैकी १२४ उत्तराखंडात आहेत. तो दिसण्याची आशा धरून कोणी जाऊ नये. मोनाल पक्ष्याची झळाळती पिसे आणि दगडांच्या फटीतून डोकावणारा पिका, म्हणजे सशाचा बिनशेपटीचा छोटा भाऊबंद, एवढे दिसले तरी दिवस सार्थकी लागतो.

आणि मग माणसे. बर्फ वितळले की मेंढपाळ कळप घेऊन वर येतात. कुमाऊँ आणि चमोलीच्या बाजूला त्यांना अनवाल म्हणतात. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणारे आणि पावसाळ्याच्या तोंडी माघारी येणारे आपले धनगर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही हालचाल लगेच समजेल. आपल्याकडे मुसळधार पाऊस मेंढरांना हाकतो, तिकडे बर्फ. रैथलची मंडळी गाईम्हशी घेऊन दयाऱ्याजवळच्या छान्यांमध्ये, म्हणजे लाकूड-दगडाच्या उन्हाळी घरांत, राहतात. भाद्रपद संक्रांतीला, साधारण ऑगस्टच्या मध्यावर, तिथे अंढूडी उत्सव होतो: कुरणाने दिलेल्या दुधाबद्दल निसर्गाचे आभार मानून लोक एकमेकांना लोणी फासतात आणि ताक उडवतात. आपली दहीहंडी जवळपास त्याच दिवसांत येते.

चराईने बुग्याल बिघडतो का, याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. फुलांच्या घाटीत, म्हणजे व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि चराई बंद झाली. नंतर तिथे एक उंच, दाट वाढणारे तण इतके पसरले की वनविभागाला ते उपटावे लागते. त्याचा दोष चराईबंदीला द्यावा की नाही, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला स्वतःला एवढे निश्चित वाटते की शेकडो वर्षे चालत आलेल्या कळपापेक्षा एकाच जागी महिनोन्‌महिने ठोकलेले तंबू त्या वीतभर मातीला जास्त जड जातात. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, तेव्हा बेदिनीच्या वाटेने रूपकुंड या उंचावरच्या तळ्याला जाण्याचे बेत आखून बसलेले आपल्याकडचे अनेक ट्रेकर हळहळले होते. तरी तो निर्णय योग्यच होता असे मी मानतो. दयाऱ्याला वनविभागाने पाण्याने कापलेल्या घळींवर काथ्याच्या जाळ्या अंथरून आणि चीड या पाइनवृक्षाची सुयांसारखी पाने भरून माती थोपवली आहे. त्या जाळीतून नवे गवत वर येते.

रूपकुंडाचे नाव निघालेच आहे. ५,०२९ मीटरवरच्या त्या तळ्याकाठी १९४२ मध्ये मानवी सांगाडे आढळले. २०१९ च्या जनुकीय अभ्यासात, ज्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांचाही सहभाग होता, असे दिसले की ती माणसे एकाच वेळी मेलेली नाहीत: काही दक्षिण आशियातली, सुमारे इसवी सन ८०० च्या आसपासची, तर काही थेट पूर्व भूमध्य प्रदेशातली, एकोणिसाव्या शतकाच्या सुमाराची.

याच वाटेवरून नंदादेवी राजजात जाते. ही यात्रा परंपरेने बारा वर्षांनी निघते. २०१४ मध्ये ती निघाली होती. आपण भाद्रपदात गौरींना माहेरी आणतो. गढवालात त्याच सुमारास नंदेला माहेराहून सासरी, कैलासाला पाठवतात, आणि गावोगावी तिची पाठवणी करताना बायका खरोखर रडतात. वाण या शेवटच्या गावात तिचा धर्मभाऊ मानलेला लाटू देव तिला भेटतो, आणि पुढे बेदिनीच्या कुरणावर तिची पूजा होते. सगळ्यांच्या पुढे चार शिंगांचा एक मेंढा चालतो. होमकुंडाला पोहोचल्यावर त्याच्या पाठीवर नंदेचा आहेर बांधतात आणि त्याला शिखरांच्या दिशेने एकटे सोडून देतात. तो दिसेनासा झाला की माणसे सुतोलच्या वाटेने खाली उतरू लागतात.