आभाळ भरलंय, तरी किनाऱ्यावर चला

श्रोतेहो, नमस्कार.

रविवारचा बेत ठरलेला असतो, डबे भरून तयार असतात आणि सकाळी खिडकी उघडावी तर आभाळ गच्च भरून आलेलं. पोरांचे चेहरे उतरतात. "आता कसले जाताय, बसा घरीच," असं घरातलं कोणीतरी म्हणतंच. माझं आग्रहाचं सांगणं आहे, जाणं रद्द करू नका. पाण्यात उतरणं तेवढं रद्द करा.

नवी मुंबईकरांना आता उरण लांब राहिलेलं नाही. १२ जानेवारी २०२४ पासून नेरूळ-बेलापूरची लोकल थेट उरणला जाते. तिथून रिक्षा केली की पीरवाडीचा किनारा.

परवा आम्ही घरची सगळी मंडळी गेलो तेव्हा भुरभुर चालू होती आणि पाणी मातकट. भाच्याला निळा समुद्र हवा होता, तो रुसलाच. पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, लाटा तळ ढवळून काढतात. निळं पाणी दिसणार कुठून? पण रुसलेल्या पोराला हे सांगून काय उपयोग! त्याला ओहोटीच्या ओल्या वाळूवर नेलं. तिथे बिळांभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी पसरली होती. जरा वेळ न हलता उकिडवं बसलं, की करंगळीच्या नखाएवढा खेकडा बाहेर येतो. वाळू तोंडाशी नेतो, त्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेतो, उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो आणि लगेच पुढचा घास. पाऊल वाजलं, की बिळात गडप! भाचा तिथून हलेना. एरवी भर दुपारी त्या वाळूवर पाय ठरत नाही. त्या दिवशी माझ्या सासूबाईसुद्धा अनवाणी फिरल्या.

हे बघायला ओहोटी हवी. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा, आणि वर उधाण. त्या दिवशी दुपारी मुलांना घेऊन जाऊच नका. हिशेब अंदाजाचा आहे, थोडा मागेपुढे होतो. म्हणून पाणी चढायला लागलं की वर या.

आणि खरंच सांगते, पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातही उतरू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. ज्यांचं अख्खं आयुष्य दर्यावर गेलं, त्यांच्या होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असताना आपण पोरांचा हात धरून लाटेत शिरायचं? वाळूवर निळसर फुग्यासारखं काही पडलेलं दिसलं तर मुलांना हात लावू देऊ नका. ते जेलीफिशसारखे विषारी जीव असतात, मेलेले असले तरी डंख बसतो.

बाकी जाताना कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे बांधून घ्या, थालीपिठं जरा जास्तच करा, आणि परतीच्या लोकलची वेळ आधी बघून ठेवा. ही गाडी काही दर पाच मिनिटांनी सुटत नाही. नमस्कार.