थेसली: डोंगरांच्या कडेतलं मैदान आणि पाण्याचा कारभार

मित्रहो, ग्रीस म्हटलं की बेटं, निळा समुद्र आणि अथेन्सचे संगमरवरी खांब डोळ्यांसमोर येतात. आज मी बोलणार आहे तो प्रदेश कापसाचा आणि गव्हाचा आहे. त्याचं नाव थेसली, मुख्य शहर लारिसा. युरोपीय महासंघात पिकणाऱ्या कापसाचा फार मोठा वाटा एकट्या ग्रीसचा, आणि ग्रीसमध्ये कापसाचं मोठं आगर म्हणजे हे मैदान.

त्याची ठेवण आधी लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघतं. उंच काठाची एक परात आहे असं समजा. उत्तरेला सुमारे 2,917 मीटर उंचीचा ऑलिंपस, पूर्वेला ओस्सा आणि पेलियन, दक्षिणेला ओथ्रिस, पश्चिमेला पिंडसच्या रांगा. या डोंगरांवरून आत उतरणारं बहुतेक पाणी पिनिओस नदीत येतं आणि ऑलिंपस व ओस्सा यांच्यामधल्या तेंबीच्या घळईतून एजियन समुद्राला मिळतं. नदीला बाहेर पडायला वाट एवढीच.

इ.स.पू. 480 मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीस ही घळई बघायला मुद्दाम आला होता. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की झर्क्सीसने वाटाड्यांना विचारलं, ही नदी दुसरीकडून वळवता येईल का? दुसरी वाटच नाही, असं उत्तर मिळाल्यावर तो म्हणाला, थेसलीचे लोक शहाणे, म्हणूनच लवकर शरण आले. ही घळई बुजवली की त्यांचा सगळा मुलूख पाण्याखाली जाईल. थेसली पूर्वी एक सरोवर होतं आणि पोसायडन देवाने डोंगर फोडून पाण्याला वाट करून दिली, ही तिथल्या लोकांची समजूतही हिरोडोटस नोंदवतो. स्वतःचं मत मात्र तो भूकंपाच्या बाजूने देतो. अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं.

प्राचीन इतिहासाची धावती ओळख करून देतो. सेस्क्लो आणि दिमिनी इथल्या नवाश्मयुगीन वस्त्या युरोपातल्या सर्वांत जुन्या शेतकरी वस्त्यांमध्ये गणल्या जातात. सपाट कुरणांमुळे इथले घोडे आणि घोडेस्वार ग्रीसभर नावाजलेले होते. अलेक्झांडरचा ब्युसेफेलस घोडा याच मुलखातून आला. इ.स.पू. 48 मध्ये सीझरने पॉम्पीला हरवलं ते फार्सालसच्या रणावर, म्हणजे याच मैदानाच्या दक्षिण भागात. पुढे रोमन, बायझंटाइन, आणि 14 व्या शतकाच्या अखेरीपासून ऑटोमन.

आता 1881 सालाकडे येऊ, आणि इथे थोडं थांबू. त्या वर्षी ऑटोमन साम्राज्याने थेसलीचा बहुतेक भाग ग्रीसला दिला. उत्तरेकडचा एलासोना तेवढा 1912 पर्यंत मागे राहिला. शेतकऱ्याला वाटलं, आपलं राज्य आलं. प्रत्यक्षात जमीन ‘चिफ्लिक’ नावाच्या मोठ्या वतनवाड्यांत वाटलेली होती, आणि तुर्की मालकांकडून ती विकत घेणाऱ्यांत इस्तंबूल व इतर शहरांतले धनाढ्य ग्रीक सावकार होते. जुन्या व्यवस्थेत कुळाला जमिनीवर, घरावर, चराईवर वहिवाटीचे काही हक्क होते. नव्या कायद्याने मालकाला पूर्ण मालक मानलं आणि वाट्याने जमीन कसणारा माणूस ज्या घरात जन्मला त्या घरातून काढून टाकण्याजोगा ठरला. ज्यांना कूळकायद्याचा आपल्याकडचा इतिहास माहीत आहे, त्यांना यातली वेदना वेगळी समजावून सांगायला नको.

6 मार्च 1910 रोजी लारिसाला शेतकऱ्यांची सभा होती. किलेलेर स्थानकावर तिकिटाविना गाडीत चढू पाहणाऱ्या शेतकऱ्यांना अडवण्यात आलं, दगडफेक झाली, सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि माणसं मेली. पुढच्याच वर्षी, व्हेनिझेलोस पंतप्रधान असताना, राज्यघटना दुरुस्त होऊन सक्तीने जमीन संपादन करण्याची वाट मोकळी झाली. प्रत्यक्ष मोठं वाटप मात्र 1922 नंतर झालं, आशिया मायनरमधून निर्वासितांचे लोंढे आल्यावर. आज थेसलीत छोटे शेतकरी दिसतात ते त्यामुळे.

छोट्या शेतकऱ्याला जमीन मिळाली, मग पाणी हवं झालं. पश्चिमेकडे 1959 मध्ये मेगदोवा नदीवर धरण झालं आणि एरवी पश्चिमेच्या आयोनियन समुद्राकडे जाणारं पाणी डोंगराखालून मैदानात आलं. पूर्वेकडे कार्ला सरोवर होतं. मलेरिया हटवायचा, पूर थांबवायचा, शेतजमीन वाढवायची, म्हणून 1962 मध्ये बोगदा खोदून ते कोरडं केलं. मासेमारांची उपजीविका गेली, पक्षी गेले, विहिरी खोल खोल जात राहिल्या, जमीन खारावली. अखेर युरोपीय पैशातून सरोवराचा एक भाग पुन्हा भरावा लागला.

कारभाराचं काय? ग्रीसचे 13 प्रदेश 1987 मध्ये आखले गेले, पण प्रमुख अथेन्स नेमत असे. लोकांनी निवडलेला प्रदेशप्रमुख 2011 पासून, ‘कालिक्रातिस’ सुधारणेमुळे आला. थेसलीत लारिसा, मग्नेसिया, कार्दित्सा, त्रिकाला आणि स्पोराडीस बेटं असे पाच विभाग आणि 25 नगरपालिका आहेत. त्यांच्याशिवाय केंद्राने नेमलेलं ‘विकेंद्रित प्रशासन’ वेगळं, तेही लारिसातच. नदीच्या बांधाची जबाबदारी एकाकडे, पाण्याच्या परवान्याची दुसऱ्याकडे, कालव्यांची शेतकऱ्यांच्या सिंचन संस्थांकडे.

सप्टेंबर 2020 मध्ये ‘इआनोस’ वादळाने कार्दित्साला झोडपलं. तो इशारा होता. तीन वर्षांनी, 5 सप्टेंबर 2023 रोजी, ‘डॅनियल’ वादळात पेलियनवरच्या झागोरात 24 तासांत 754 मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईने 26 जुलै 2005 ला 944 मिलिमीटर पाहिला आहे, तेव्हा आपल्याला अंदाज येईल. पण लारिसाला अख्ख्या वर्षात साधारण 420 मिलिमीटर पडतो. 17 माणसं गेली. पालामासच्या परिसरातली गावं बुडाली, हजारो जनावरं मेली. आणि कार्ला आपल्या जुन्या हद्दीवर परत आलं. शेतं कित्येक महिने पाण्याखाली राहिली. तेंबीच्या घळईतून पाणी जाईल तेवढंच जाणार होतं. ऑक्टोबरच्या निवडणुकीत लोकांनी 2011 पासूनचा प्रदेशप्रमुख बदलला.

सरकारने 2024 मध्ये संपूर्ण थेसलीच्या पाण्यासाठी एकच संस्था उभी केली, कंपनीच्या स्वरूपात. पाणलोट एक तर कारभार एक, हे मला पटतं. पिनिओसचं खोरं विभागांच्या रेघा ओळखत नाही. पण या संस्थेचे संचालक मतदार निवडत नाहीत. निवडून आलेल्या प्रदेशाला अधिकार मिळून अजून दीड दशकच झालं आहे, आणि तिथला सर्वांत मोठा विषय त्याच्या हातून अर्धा सुटतो आहे. किलेलेरच्या शेतकऱ्यांच्या नातवंडा-पतवंडांना या संस्थेच्या टेबलापाशी मत असलेली खुर्ची मिळायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. कालव्याची पाळी कुणाची, कोणता बांध आधी दुरुस्त करायचा, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.