बदली जळगावला, हिशेब कोपरखैरण्यात

नमस्कार श्रोतेहो.

होळी झाली की सरकारी कार्यालयांत एक विषय हळूहळू डोकं वर काढतो. डबा खाताना, सही करून बाहेर पडताना, स्टेशनवर गाडीची वाट बघताना एकच प्रश्न, "काय, यंदा अर्ज टाकताय का?" अर्ज म्हणजे विनंती बदलीचा. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानुसार सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल-मेमध्ये करायच्या असतात. त्यामुळे गावाकडची ओढ आमच्याकडे बारमाही असली, तरी तिला कागदावर यायला हाच मोसम लागतो.

मी बेलापूरला एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. राहायला कोपरखैरणे, तेही भाड्याने. मूळचा पाचोरा तालुक्यातला, जिल्हा जळगाव. माझ्या टेबलावर पगारबिलांचं काम असतं, त्यामुळे बदली होऊन गेलेल्या माणसाच्या पगारात काय वजा झालं ते मला त्याच्या घरच्यांच्या आधी कळतं. नवी मुंबई, ठाणे, कल्याण या पट्ट्यात आम्ही खानदेशी नोकरदार भरपूर आहोत, आणि उत्तरेकडे, म्हणजे आपल्या उत्तर महाराष्ट्राकडे परत जायचा विचार ज्याने कधीच केला नाही असा त्यांत क्वचितच सापडेल. त्या विचाराचा हिशेब कसा मांडायचा, एवढंच आज बोलणार आहे. रेडिओवर आकडे ऐकणं कठीण असतं, म्हणून थोडेच सांगतो आणि सावकाश सांगतो.

पहिला आकडा घरभाडे भत्त्याचा. सातव्या वेतन आयोगात शहरांचे तीन वर्ग आहेत, एक्स, वाय आणि झेड. ठाणे आणि नवी मुंबई हे बृहन्मुंबई नागरी समूहात येतात, म्हणून एक्स. नाशिक वाय. जळगाव, धुळे, नंदुरबार झेड. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यापासून घरभाड्याचे दर अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के आहेत. मूळ वेतन ४०,००० धरू. इथे घरभाडे भत्ता १२,०००, जळगावला ४,०००. फरक ८,००० रुपये, दरमहा. मूळ वेतन तेच राहतं, महागाई भत्ताही तोच. वाहतूक भत्ता मात्र मुंबई, पुणे, नागपूर सोडलं की कमी होतो, तिथेही हजारभर रुपये जातात.

आता दुसरी बाजू. मी इथे एक बेडरूमच्या घराचं भाडं १७,००० देतो. जळगावला बऱ्यापैकी वस्तीत दोन बेडरूमचं घर मला ७,००० ला सांगितलं. म्हणजे भाड्यात वाचले दहा हजार आणि पगारातून गेले नऊ. उरला एक हजार. "गावाकडे काय, निम्म्यात भागतं" असं जे आपण ऐकत आणि सांगत आलोय, ते भाड्याच्या पावतीपुरतं खरं आहे. पगाराची स्लिप तिच्याशेजारी ठेवली की त्यातली बरीचशी हवा जाते. जो सरकारी वसाहतीत राहतो त्याला तर भत्ता मिळतच नाही, त्याचं गणित निराळं. ज्याचं स्वतःचं घर आहे आणि डोक्यावर हप्ता आहे, त्याने घर भाड्याने देऊन हप्ता किती भागतो ते बघावं. आणि कृपा करून आठवा वेतन आयोग आल्यावर सगळं जमेल असं धरून कोणी बेरीज करू नका. आल्यावर बघू.

पेन्शनवर फारसं बोलत नाही. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलात की नंतर, यावर ते ठरतं, जळगाव की बेलापूर यावर नाही.

ज्येष्ठतेचं मात्र सांगायलाच हवं. ज्यांचं पद जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या संवर्गातलं, म्हणजे एकाच ज्येष्ठता यादीतल्या पदांच्या गटातलं आहे, ते स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या संवर्गात गेले की तिथल्या ज्येष्ठता यादीत सगळ्यात खाली बसतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना आंतरजिल्हा बदलीत हे चांगलंच माहीत आहे. पगार कमी होत नाही, पदोन्नती लांबते. शिवाय विनंतीवरून गेलात तर सामान हलवायचा खर्च खिशातून, बदलीचा प्रवासभत्ता मिळत नाही. वयाच्या तिशीत हे सोसतं. पंचेचाळिशीत पदोन्नती दोन-तीन वर्षांवर आली असताना यादीच्या तळाला जाऊन बसायचं म्हणजे तिच्यावर पाणी सोडण्यासारखंच आहे. काहींना ते चालतं. आमच्या कार्यालयातले एक जण हसत गेले, म्हणाले, हेड क्लार्क होऊन तरी कोणाचं भलं झालंय?

आणखी एक गोष्ट फार कमी लोक बोलून दाखवतात. आपण म्हणतो "गावी जायचं", पण बदली गावी होत नाही. ती जिल्ह्याच्या ठिकाणी होते, फार तर तालुक्याला. माझी झाली तर जळगावला होईल. आईवडील पाचोऱ्याच्या पुढे, शेतातल्या घरात. जळगाव ते पाचोरा रेल्वेने पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर, रोज येजा करणारे नोकरदार आहेत. पण मग बिऱ्हाड कुठे करायचं? गावात केलं तर पोरांची शाळा आणि क्लास जळगावला. जळगावात केलं तर आबा काही अंगण सोडून तिसऱ्या मजल्यावर राहायला येणार नाहीत. म्हणजे पावणेचारशे किलोमीटरचं अंतर पन्नासवर येतं, संपत नाही. अंतर एवढं कमी होणं ही छोटी गोष्ट नाही, मी ती कमी लेखत नाही. सध्या फोन आला की आम्ही ठाण्याला किंवा कल्याणला रात्रीची गाडी गाठतो आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर उतरतो. पन्नास किलोमीटरवर असलो तर दुपारीच पोचू. जळगावला २०१८ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे, आबांच्या पिढीला तब्येतीसाठी दर वेळी नाशिक किंवा मुंबई गाठायला नको.

पण त्यातही एक माणूस आपण हिशेबात धरत नाही. आज आईची साखर, आबांचे गुडघे, दवाखान्याच्या फेऱ्या हे सगळं माझी धाकटी भावजय बघते. मोठा भाऊ जवळ आला की तिचा भार हलका होणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही याल तर दर शनिवारी चार माणसांचा स्वयंपाक वाढेल, ते आधी ठरवा." हसत म्हणाली, पण म्हणाली.

बदलीची लहर बहुतेकांना श्रावणात येते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसते. मुंबई, सुरत, पुणे, जिथे असेल तिथून माणूस घरी येतो. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्या पिठाचे रोट होतात, आणि ते भाऊबंदांनीच बसून संपवायचे असतात. नारळाला नथ-डोळे लावून कानबाई सजते, रात्रभर गाणी, बाहेर कपाशी गुडघ्याला आलेली, हवेत गारवा. अशा वेळी कोणालाही वाटेल की कोपरखैरण्यात काय ठेवलंय! माझं म्हणणं एवढंच, की श्रावणातला खानदेश बघून अर्ज टाकू नये. मे महिन्यात आठ दिवस राहून बघावं. पारा पंचेचाळिसाच्या घरात, दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही नाही, कूलरच्या टाकीत दर दोन तासांनी बादली ओतायची आणि ते पाणी आधी भरून ठेवलेलं असायला हवं, कारण नळ रोज येईलच असं नाही. इथे मोरबे धरणाच्या पाण्याची आपल्याला इतकी सवय झालीय की नळ ही काळजी करण्याची वस्तू आहे हे पोरांना ठाऊकच नाही. मे महिना काढूनही जावंसं वाटलं, तर ती ओढ खरी.

आता ज्यासाठी मुळात बोलायला बसलो, तिथे येतो.

माझी बायको शिवणकाम करते. पंधरा वर्षं, घरातल्या हॉलच्या कोपऱ्यात, एक मशीन आणि एक पिको-फॉलचं. तिची एक माप-वही आहे, लांबट, व्यापाऱ्याच्या खातेवहीसारखी. प्रत्येक पानावर बाईचं नाव आणि सेक्टरचा नंबर, खाली उंची, छाती, कंबर, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. कडेला तिच्या स्वतःच्या खुणा. "खांदा उतरता." "सासूबाई असताना गळा वर." "लेकीचं लग्न फेब्रुवारीत." काही पानांना कापडाचा तुकडा टाचणीने लावलेला. त्या वहीवर सरासरी महिन्याला अकरा-बारा हजार येतात, श्रावण ते दिवाळी आणि लग्नसराईत जास्त. हे पैसे माझ्या कुठल्याच स्लिपवर नाहीत. मुलीचा क्लास, गॅस, किराण्यातला निम्मा भाग त्यातून जातो.

घरात बदलीचा हिशेब निघाला तेव्हा मी घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता, भाडं, सगळं ओळीने लिहिलं. तिने कागद वाचला आणि विचारलं, "माझी गिऱ्हाइकं काय तुमच्या सेवापुस्तकात लिहून नेणार आहात?"

बरोबर आहे. मी जाईन तिथे माझी नोकरी माझ्याबरोबर येते. वेतन संरक्षण आहे, रजा शिल्लक राहते, सेवा अखंड धरली जाते. तिच्या धंद्याला यातलं काहीच नाही. जळगावला तिला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागेल, आणि शिलाईचा दरही इथल्यापेक्षा कमी. भाडं आणि भत्ता यांच्या वजाबाकीत उरलेले हजार रुपये इथे कुठल्या कुठे वाहून जातात.

आणि हे एकट्या आमच्या घराचं नाही. पगारबिलं करताना मला एकच पगार दिसतो, पण इथे दर दुसऱ्या घरात दुसरी कमाई आहे. कोणाची बायको बालवाडीत शिकवते, कोणाची वाशीच्या लॅबमध्ये आहे, कोणी डबे देते, कोणी घणसोलीत पार्लर चालवते. दोघंही सरकारी असतील तर पती-पत्नी एकत्रीकरणाचा आधार तरी असतो. तिची कमाई खासगी किंवा घरातली असेल, तर अर्जाच्या कुठल्या रकान्यात ती येतच नाही. धुळ्याला गेलेल्या एका सहकाऱ्याने मला फोनवर विचारलं होतं, "अरे, खर्च कमी झालाय, मग बचत का होत नाही?" वहिनी इथे पूर्वप्राथमिक शाळेत होत्या. तिकडे वर्षभर घरी बसून होत्या. त्याने ती रक्कम कधी धरलीच नव्हती, कारण ती त्याच्या हातात यायचीच नाही, परस्पर खर्च व्हायची.

खर्चाच्या बाजूलाही एक गंमत आहे. इथे राहून तुम्ही गावाकडच्या लग्नाला "रजा नाही" म्हणून फोनवर शुभेच्छा देता, आहेर मोबाइलवर पाठवता. तिथे गेलात की रजेचं कारण संपलं. साखरपुडा, हळद, लग्न, जावळं, दशक्रिया, सगळीकडे जायचं, जोडीने जायचं आणि रिकाम्या हाताने जायचं नाही. आमचे नाना याला "जवळ असण्याचा टॅक्स" म्हणतात.

मग जाऊच नये का? तसं मी म्हणत नाही. आबा चौऱ्याहत्तरचे आहेत. पोरांना अहिराणी कळते, पण ती उत्तर मराठीत देतात, आणि आजी मग गप्प बसते. या गोष्टींना भत्ता नाही. फक्त ज्या घरातून जायचं त्या घराची दोन्ही मिळकत कागदावर यावी, आणि ज्या घरात जायचं तिथल्या बाईला आधी विचारलेलं असावं. अर्ज त्यानंतरचा.

आमचं सध्या असं ठरलंय. पुढच्या मार्चमध्ये मुलीची दहावी आहे, तोवर अर्ज नाही. या मे महिन्यात बायको आणि मुलं पंधरा दिवस जळगावला मावशीकडे राहतील. अस्तराच्या ब्लाउजला तिथे काय घेतात, मशीन ठेवायला तळमजल्याची खोली मिळते का, कॉलेजरोडकडच्या वस्तीत शिवणाऱ्या बायका किती आहेत, हे ती स्वतः फिरून बघणार आहे. जळगावला आमच्या संवर्गात रिक्त पदं किती, ते मी इथून विचारून ठेवतो. दोघांचे कागद जूनमध्ये एकत्र मांडू. तिने आत्ताच सांगून ठेवलंय, की या वेळी पहिली ओळ ती लिहिणार.