जुन्या पबचे नूतनीकरण झाले, पण तळघराचे काय? बेलफास्टच्या ‘क्राउन’विषयीचे अभिप्राय कसे वाचावेत

नमस्कार मंडळी. ऐतिहासिक पबविषयीच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे की त्याला स्वतंत्र उत्तर द्यायला हवे. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या मध्यवस्तीतल्या ‘क्राउन लिकर सलून’ या जुन्या पबविषयी ऑनलाइन वाचायला गेले, तर काही ग्राहक त्या वास्तूची तोंड भरून स्तुती करतात, आणि त्याच पानावर काहीजण गर्दीबद्दल, अंधाराबद्दल किंवा कोमट बिअरबद्दल नाराजी व्यक्त करतात. मग खरे कोणाचे मानायचे? माझ्या मते दोघेही प्रामाणिकपणे लिहीत असतात, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टींविषयी लिहीत असतात. एकजण डोळ्यांना दिसलेल्या दिवाणखान्याविषयी लिहितो, तर दुसरा कधीही न पाहिलेल्या तळघराविषयी. नूतनीकरणाच्या बातम्या नेहमी दिवाणखान्याच्या येतात. बिअरची चव मात्र जिथे तिची पिंपे ठेवलेली असतात त्या तळघरात ठरते, आणि आज माझा भर त्यावरच आहे.

आधी वास्तूविषयी थोडक्यात सांगतो. ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवर, युरोपा हॉटेलच्या अगदी समोर हा पब आहे. पूर्वी त्याचे नाव ‘रेल्वे टॅव्हर्न’ होते. पॅट्रिक फ्लॅनागन यांनी १८८५ मध्ये त्याचा कायापालट केला. त्या काळी शहरात चर्चच्या बांधकामांसाठी इटालियन कारागीर आलेले होते आणि फ्लॅनागन यांनी त्यांच्याकडूनच फरशा, रंगीत काच आणि लाकडावरचे कोरीवकाम करून घेतले, असे सांगितले जाते. १९७८ मध्ये ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ही वास्तू विकत घेतली, आणि त्यासाठी प्रयत्न करणाऱ्यांमध्ये कवी सर जॉन बेटजमन हेही होते. १९८१ मध्ये सुमारे ४ लाख पाउंड आणि २००७ मध्ये सुमारे ५ लाख पाउंड खर्चून तिची डागडुजी झाली. युरोपा हॉटेलवर उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघर्षाच्या, अशांततेच्या काळात वारंवार बॉम्बहल्ले झाले आणि त्यांची झळ समोरच्या या काचांनाही बसली, हे लक्षात घेतले म्हणजे आज तिथे जे दिसते ते टिकवण्यासाठी किती कष्ट पडले असतील याची कल्पना येते.

आतली एकच गोष्ट जवळून दाखवतो. भिंतीलगत लाकडी कप्प्यांसारख्या दहा बंदिस्त बैठका आहेत. त्यांना स्नग म्हणतात, आणि प्रत्येकीच्या दारावर इंग्रजी ए ते जे यांपैकी एक अक्षर आहे. प्रवेशाशी ढाल धरून बसलेले कोरीव सिंह आणि ग्रिफिन (गरुडाचे डोके आणि सिंहाचे धड असलेले काल्पनिक प्राणी), आत काडी ओढण्यासाठी बसवलेली धातूची पट्टी, आणि बारवरच्या माणसाला बोलावण्यासाठी घंटेची सोय. चारचौघांत पिताना दिसणे ज्यांना नको होते, त्यांच्यासाठी व्हिक्टोरियन काळात केलेली ही व्यवस्था आहे. आता ‘जागा अरुंद आहे, बाके कडक आहेत, उजेड कमी आहे’ असे जे लिहिले जाते, त्याचे उत्तर यातच आहे. संरक्षित वास्तूतला स्नग रुंद करता येत नाही, आणि गॅसच्या दिव्यांखाली दुकानासारखा लख्ख उजेड पडत नाही. नूतनीकरण म्हणजे सगळे नवे करणे, अशी अपेक्षा घेऊन गेलेला ग्राहक इथे नाराज होणारच. गर्दीची तक्रार मात्र मला रास्त वाटते. नुसती छायाचित्रे काढून काही न घेता निघून जाणारे लोक दारात उभे राहतात, आणि ज्याला शांतपणे एक पाइंट (अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास) बिअर प्यायची आहे त्याला वाट काढत बारपर्यंत जावे लागते. तिथे जाणाऱ्या आपल्या मराठी पर्यटकांनाही माझी विनंती आहे की स्नगमध्ये कोणी बसलेले असेल तर दार उघडून आत कॅमेरा घालू नये.

आता बिअरकडे येऊ. रिअल एल ही पारंपरिक ब्रिटिश बिअर म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे भरभर सांगतो. ती गाळून निर्जंतुक केलेली नसते, तिच्यात जिवंत यीस्ट असते, ज्या पिंपातून ती वाढली जाते त्याच पिंपात तिचे दुसरे किण्वन होते, आणि बाहेरून कार्बन डायऑक्साइडचा दाब न देता ती बारवरच्या दांड्याच्या हातपंपाने तळघरातून वर ओढली जाते. ब्रिटनमध्ये ही पद्धत बंद पडायला आली होती, तेव्हा १९७१ मध्ये ‘कॅम्रा’ (कॅम्पेन फॉर रिअल एल) ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली. इतके पुरे.

‘बिअर कोमट आणि बिनफसफशीची होती’ ही तक्रार मी असंख्य पबविषयी वाचली आहे आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटते, कारण बहुतेकदा त्या बिअरमध्ये काहीच बिघडलेले नसते. रिअल एल साधारण ११ ते १३ अंश सेल्सिअसला देतात. फ्रिजमधल्या बाटलीच्या मानाने ती उबदारच लागणार. फार थंड केली तर हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणारी फुले) आणि माल्टचा (मोड आणून भाजलेले धान्य) गंध दबून जातो. बुडबुडे कमी असतात, कारण ते पिंपातल्या किण्वनातून आलेले असतात. उत्तर आयर्लंडमध्ये हा गैरसमज अधिक होतो, कारण तिथे हातपंपाची परंपरा इंग्लंडइतकी रुजलेली नाही आणि बहुतेकांची जीभ थंडगार स्टाउटला, म्हणजे काळसर बिअरला, सरावलेली असते. पुण्याच्या एका प्रेक्षकाने लिहिले आहे की आमच्या इथल्या टॅपरूममध्ये (ताज्या बिअरच्या बारमध्ये) बिअर थंडगार आणि फेसाळ मिळते, मग इंग्रजांना ते का जमत नाही? त्यांना जमते, आणि त्याच बारवर गॅसच्या दाबावर चालणाऱ्या दुसऱ्या नळाला तशी बिअर मिळतेही. हातपंपाची बिअर ही वेगळी वस्तू आहे आणि तिला तिच्याच मापाने मोजायला हवे.

ज्या गोष्टीसाठी हा व्हिडिओ करायला घेतला ती आता सांगतो. नूतनीकरण झालेल्या पबविषयी ‘आता दहा हातपंप बसवले आहेत, स्वर्ग आहे’ असे कौतुक लोक करतात, तेव्हा मला काळजी वाटते. हातपंपांची संख्या हा दर्जाचा पुरावा नाही. उलट ती धोक्याची खूण असू शकते.

पिंपाच्या बाजूने पाहा. नेहमीच्या फर्किन या पिंपात ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट बिअर मावते. तळाचा गाळ सोडला तर विकण्याजोगे सत्तरच्या आसपास पाइंट उरतात. हातपंपाचा दांडा ओढला की जितकी बिअर बाहेर येते तितकी हवा पिंपात शिरते, आणि त्या हवेतला प्राणवायू लगेच आपले काम सुरू करतो. विरजण लागलेले दही जसे काही काळ गोड लागते आणि मग आंबटाकडे झुकते, तसेच या बिअरचे आहे. पिंप उघडल्यापासून साधारण तीन दिवसांत ते संपायला हवे.

आता पबचालकाच्या बाजूने हिशेब करा. तीन दिवसांत सत्तर पाइंट, म्हणजे एका पंपावर रोज तेवीस-चोवीस. दहा पंप असतील तर रोज २३० ते २४० पाइंट फक्त हातपंपांवर जायला हवेत. शहराच्या मध्यवस्तीत शुक्रवारी आणि शनिवारी ते होईल, पण पावसाळी सोमवारी आणि मंगळवारी काय? जो चालक हे ओळखतो तो आठवड्याच्या सुरुवातीला निम्मे पंप बंद ठेवतो, किंवा ३६ पाइंटांचे ‘पिन’ नावाचे छोटे पिंप मागवतो. बंद पंपावरची बिअरच्या नावाची पाटी उलटी फिरवलेली दिसते. ती पाहून ‘माल नव्हता, व्यवस्थापन ढिसाळ आहे’ असे लिहिणारे ग्राहक मी वाचले आहेत, आणि मला त्या चालकाबद्दल मनापासून वाईट वाटते. शिळी बिअर विकण्यापेक्षा पाटी उलटी करणे हा प्रामाणिकपणा आहे.

आणि तिसरी बाजू तुमची, ग्लास हातात घेऊन उभ्या असलेल्या ग्राहकाची. उत्तर इंग्लंडमधल्या एका शहरात, नाव मुद्दाम घेत नाही, असाच एक जुना पब थाटामाटात पुन्हा सुरू झाला होता. पितळ चकाकत होते, जुन्या टाइल्स घासून काढल्या होत्या, आणि हातपंपांची रांग बारच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होती. मंगळवारची दुपार होती आणि आत मोजकी माणसे होती. मी मागितलेल्या पाइंटचा पहिलाच घोट व्हिनेगरसारखा लागला. मी ग्लास परत नेला, बदलून मागितला, आणि दुसऱ्या पंपावरचा पाइंटही निस्तेज निघाला. शेवटी बारवरच्या मुलीला मी विचारले की आज सगळ्यात जास्त काय खपते आहे. तिने काही न बोलता कोपऱ्यातल्या साध्या बिटरचा (कडवट चवीच्या नेहमीच्या एलचा) दांडा ओढला, आणि ती बिअर उत्तम होती. तळघर तेच असूनही फरक पडला तो केवळ खपामुळे. म्हणून बारवर गेल्यावर ‘सर्वांत चांगली कोणती’ असे विचारू नका, ‘आज कोणती जास्त जाते आहे’ असे विचारा. चव बघायला थोडीशी मागता येते, त्यात संकोच नको. आंबट लागली तर पाइंट बदलून मागणे हाही तिथला सर्वमान्य रिवाज आहे, फक्त अर्धा संपवून तक्रार करू नये.

शाकाहारी प्रेक्षकांनी विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर इथेच देतो, कारण तोही तळघराशी जोडलेला आहे. पिंपातले यीस्ट लवकर तळाशी बसावे म्हणून त्यात पारंपरिकपणे आयसिंग्लास घालतात, आणि ते माशाच्या वाताशयापासून बनते. काही ब्रुअरी आता ते वापरत नाहीत, त्यांची बिअर थोडी गढूळ दिसते आणि तशी सूचना पाटीवर बहुधा असते. तेव्हा ‘गढूळ होती, म्हणजे खराब होती’ हा अभिप्रायही पाटी वाचल्याशिवाय मान्य करू नका. गढूळपणाबरोबर आंबूस वास असेल तर गोष्ट वेगळी.

मग अभिप्राय वाचताना मी काय पाहतो? लिहिणाऱ्याने काय प्यायले ते आधी पाहतो. क्राउनमध्ये थंड स्टाउट पिऊन दिलेले पाच तारे मला हातपंपांविषयी काहीही सांगत नाहीत, आणि जेवण उशिरा आले म्हणून दिलेला एक ताराही सांगत नाही. त्यानंतर वार पाहतो. शनिवारी रात्रीची बिअर ताजी असण्याची शक्यता जास्त, पण बसायला जागा मिळण्याची कमी. नूतनीकरणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतले मत मी बाजूला ठेवतो, कारण तेव्हा उत्सुकतेपोटी गर्दी असते, पिंपे भराभर संपतात, आणि तळघर सांभाळणाऱ्याची खरी परीक्षा अजून सुरू झालेली नसते. कॅम्राचे सदस्य बिअरला ० ते ५ असे गुण देतात ते फक्त ग्लासातल्या बिअरला, टाइल्सना किंवा दिव्यांना नव्हे. ही शिस्त आपणही पाळू शकतो.

क्राउनला जाणार असाल तर आठवड्याच्या मधल्या एखाद्या दुपारी जा, म्हणजे स्नग मिळण्याची शक्यता राहील, आणि त्याच कारणाने हातपंपाचा पाइंट मागण्याआधी खपाविषयी विचारून घ्या. परत आल्यावर खाली लिहाल तेव्हा वार, वेळ, बिअरचे नाव आणि ती हातपंपाची होती की नळाची, एवढे अवश्य लिहा. इमारतीविषयीचे मत वेगळ्या ओळीत लिहिलेत, तर पुढच्या माणसाला त्याचा फार उपयोग होईल.